गात्या घराची वाट : प्रभादेवी ते कुर्डी

प्रभादेवीला बाहेरून येणारा माणूस बहुधा सिद्धिविनायकासाठी येतो. पश्चिम रेल्वेच्या स्थानकावर उतरतो, हाताला लागेल ती टॅक्सी पकडतो, दर्शन घेतो आणि परत फिरतो. 2018च्या जुलैपर्यंत या स्थानकाचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. एका ब्रिटिश गव्हर्नरचं नाव उतरलं आणि इथल्या गावदेवीचं नाव पाटीवर आलं. या स्थानकावर उतरून चालत निघालं, तर गिरण्यांच्या जागी उठलेले मनोरे, त्यांच्यामध्ये तग धरून असलेल्या चाळी, खानावळी आणि शिंप्यांची दुकानं ओलांडत पंधरा-वीस मिनिटांत माणूस सयानी रोडवर रवींद्र नाट्य मंदिरापाशी पोचतो. हा पायी रस्ता मला आवडतो, कारण मी इथे एका गाणाऱ्या बाईंच्या वस्तीत म्हणून येते. गानसरस्वती किशोरी आमोणकर या प्रभादेवीत राहत होत्या आणि 3 एप्रिल 2017च्या रात्री इथल्याच राहत्या घरी त्यांचं निधन झालं.

मुंबईत राजकारण्यांचे पुतळे चौकाचौकांत आहेत. गाणाऱ्या बाईचं काम मात्र चार भिंतींच्या आत होतं. ते कुठे झालं, कसं झालं, त्या घराचं मूळ कुठे होतं, हे पाहायचं तर प्रवास दोन टप्प्यांत करावा लागतो. पहिला टप्पा प्रभादेवी. दुसरा दक्षिण गोव्यातलं कुर्डी, जे वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं.

प्रभादेवीची सुरुवात देवीपासूनच करावी. प्रभावती देवीचं देऊळ सिद्धिविनायकापासून चालण्याच्या अंतरावर आहे, पण तिथे गर्दी नसते. अठराव्या शतकाच्या आरंभी पाठारे प्रभू समाजातल्या श्याम नायक यांनी ते बांधलं. परचक्राच्या काळात देवीची मूर्ती विहिरीत लपवली होती आणि तिने स्वप्नात येऊन जागा दाखवली, अशी कथा इथे सांगतात. ही देवी म्हणजे शाकंभरी. दुष्काळात भाजीपाला आणि फळंमुळं देऊन जगाला जगवणारी. पौष पौर्णिमेपासून तिची जत्रा भरते, तेव्हा गल्लीत पाळणे लागतात, खाजा-बत्ताशांची दुकानं लागतात आणि एरवी कचेऱ्यांचा वाटणारा हा भाग पुन्हा गाव होतो. सिद्धिविनायकाचं पहिलं देऊळ 19 नोव्हेंबर 1801 रोजी उभं राहिलं. बांधलं लक्ष्मण विठू पाटलांनी, पण खर्च केला देऊबाई पाटील यांनी. वस्तीला नाव एका देवीचं, आणि वस्तीतल्या सर्वांत प्रसिद्ध देवळामागे पैसा एका बाईचा. प्रभादेवीत फिरताना हे ध्यानात ठेवावं.

किशोरीताईंचं घर ही भेट द्यायची जागा नाही. तिथे माणसं राहतात, म्हणून पत्ता विचारत हिंडू नये. पण त्या घरात काय चालायचं हे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलं आहे, शिष्यांनी लिहिलं-बोललं आहे, आणि अमोल पालेकर व संध्या गोखले यांच्या 2011च्या ‘भिन्न षड्ज’ या माहितीपटातही ते दिसतं. कचेऱ्यांच्या आणि मंदिरांच्या या गर्दीत एक बाई दिवसचे दिवस एकाच स्वराचा विचार करत बसत असे, हे कळलं की आजूबाजूचे रस्ते वेगळे दिसू लागतात.

त्यांचा जन्म 10 एप्रिल 1932चा, मुंबईतला. वडील माधवदास भाटिया त्या लहान असतानाच गेले. आई मोगूबाई कुर्डीकर यांच्यावर तीन मुलांचा भार पडला. बैठका, शिकवण्या आणि मुलं, हे सगळं माईंनी एकटीने ओढलं. मुलं त्यांना माई म्हणत आणि पुढे शिष्यही माईच म्हणू लागले. माईंची शिकवण्याची रीत कडक होती. बंदिशीची अस्थाई आणि अंतरा त्या दोनदा म्हणून दाखवत, तिसऱ्यांदा नाही. दोन वेळांत जे कानात शिरेल ते आपलं. त्यामुळे एकाग्रतेची सवय लागली, असं किशोरीताई सांगत. पुढे अनेक वर्षं त्या आईच्या मागे तानपुरा घेऊन बसल्या. गावोगावच्या आयोजकांनी आईला कसं वागवलं, कुठे उतरवलं, हातावर किती पैसे ठेवले, हे त्या मुलीने पाहिलं. पुढे त्यांच्या मैफलीत कोणी कुजबुजलं, उठलं, उशिरा आलं, की त्या थांबत. लोक त्याला लहरीपणा म्हणत. त्या सवयीचा उगम आईच्या मागे बसून काढलेल्या त्या वर्षांत आहे, आणि तो समजून घेतला तर त्यांच्या कठोरपणाचा मान ठेवावासा वाटतो.

माईंनी मुलीला फक्त स्वतःपाशी अडकवून ठेवलं नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडे किशोरीताई शिकल्या. शरच्चंद्र आरोलकर, मोहनराव पालेकर, आग्र्याचे अन्वर हुसेन खाँ अशा वेगवेगळ्या गुरूंकडूनही त्यांनी घेतलं. जयपूर-अत्रौली गायकी हा पाया. अल्लादिया खाँसाहेबांनी घडवलेली ही गायकी अनवट रागांची, जोडरागांची, लयीशी घट्ट बांधलेली, आकाराने पुढे सरकणारी. त्या पायावर किशोरीताईंनी आलापाचा अवकाश वाढवला. स्वर घाईने पुढे न ढकलता त्याच्यापाशी थांबून, त्याचा भाव काय ते शोधायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम झालं.

पंचविशीच्या सुमारास त्यांचा आवाज गेला. साधारण दोन वर्षं गाता येईना. पुण्याच्या सरदेशमुख महाराजांच्या आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला. मधल्या काळात गाणं थांबलं नव्हतं, फक्त ते कंठातून न येता मनात चालू होतं. रागाचा विचार, स्वरांची आपसातली नाती, रसाचा प्रश्न या सगळ्याची तपासणी त्या काळात खोल गेली. पुढे त्यांचा ‘स्वरार्थरमणी : रागरससिद्धांत’ हा ग्रंथ आला. त्याची बीजं अशा गप्प वर्षांत पडली असावीत, असं मला मनापासून वाटतं. भूप आणि देसकार ऐकावेत. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूपात गंधाराला मान, देसकारात धैवताला. तेवढ्याने एक संध्याकाळचा शांत राग होतो आणि दुसरा सकाळचा तेजस्वी. हा फरक व्याकरणाने सांगता येतो, पण तो भावात कसा उतरतो हे गाऊन दाखवायला किशोरीताईंचा ‘सहेला रे’ लागतो. भूपातली ती बंदिश आज घराघरांत पोचली आहे.

स्थानकाच्या पलीकडे, परळमध्ये, व्ही. शांताराम यांचा राजकमल स्टुडिओ आहे. त्यांच्या ‘गीत गाया पत्थरोंने’ या 1964च्या चित्रपटाचं शीर्षकगीत किशोरीताईंनी गायलं. माईंना ते मुळीच पटलं नाही. सिनेमात गायचं असेल तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. किशोरीताई सिनेमापासून दूर झाल्या. 1990 साली गोविंद निहलानींच्या ‘दृष्टी’ला त्यांनी संगीत दिलं, तेवढाच पुढचा अपवाद. भावगीत मात्र त्यांनी परकं मानलं नाही. शांता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांची चाल असलेलं ‘जाईन विचारित रानफुला’ त्यांच्याच आवाजात मराठी घरांत रुजलं. मीरेची भजनं आणि संतांचे अभंग त्यांनी अशा तन्मयतेने गायले की राग न कळणारा माणूसही त्यांच्यापाशी आला.

घरात पती रवींद्र आमोणकर होते. ते शिक्षक, आणि 1992 साली त्यांचं निधन झालं. बिभास आणि निहार हे दोन मुलगे. नात तेजश्री त्यांच्याकडेच गाणं शिकली आणि मैफलींत मागे बसू लागली. माई, किशोरीताई आणि तेजश्री अशी ही शिकण्याची साखळी घरातल्या घरात पुढे गेली. घराबाहेरून आलेले शिष्यही घरचेच होऊन राहिले. माणिक भिडे, अरुण द्रविड, रघुनंदन पणशीकर, आरती अंकलीकर-टिकेकर, देवकी पंडित, नंदिनी बेडेकर ही त्यांतली काही नावं. संगीताची शाळा म्हटली की इमारत, वर्ग, परीक्षा डोळ्यांसमोर येतात. इथे स्वयंपाक, सणवार, आजारपणं, नातवंडं या सगळ्यांच्या मधोमध एका पिढीचं गाणं घडत होतं. घरसंसार आणि कला यांत बाईला एक निवडावं लागतं, असं आपण सहज बोलून जातो. प्रभादेवीच्या या घरात रियाझ घरसंसाराच्या आतच चालायचा, आणि घरातली माणसं त्याभोवती आपला दिवस बसवायची.

आता पुन्हा रवींद्र नाट्य मंदिराकडे यावं. 2017च्या एप्रिलमध्ये त्यांचं पार्थिव इथेच अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. 1987 साली पद्मभूषण आणि 2002 साली पद्मविभूषण मिळालेल्या या गायिकेला शासकीय इतमामात निरोप दिला गेला आणि शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. आठवड्याभराने त्यांचा वाढदिवस होता. आज इथून कीर्ती कॉलेजच्या बाजूने समुद्राकडे चालत गेलं, की वाटेत वडापावच्या गाड्यांपाशी कॉलेजची मुलं भेटतात आणि पुढे दादरची चौपाटी लागते. डावीकडे वरळी, उजवीकडे माहीम, समोर 2009 साली खुला झालेला सागरी सेतू. संध्याकाळी इथे बसून भूप ऐकावा. कानात यंत्र घालून ऐकला तरी चालतो, पण पूर्ण ऐकावा.

आता दुसरा टप्पा. दादरहून रात्रीची कोकण रेल्वेची गाडी धरली की सकाळी मडगाव. माईंच्या लहानपणी ही वाट नव्हती. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 1998 साली सुरू झाला. माईंच्या काळात मुंबई-गोवा म्हणजे आगबोट, नाहीतर मिरज-लोंढ्याकडून घाट उतरणारी गाडी. आणि तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा होता.

मडगावहून केपे, मग सांगे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुळागरं दिसू लागतात. कुळागर म्हणजे गोव्याची घरामागची बाग. माड, पोफळी, त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल, खाली केळी, अननस, हळद, आणि मधून पाटाने खेळवलेलं पाणी. एकाच जागेत वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळी पिकं. या बागा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राखल्या, आणि बायकांचे हात त्यात नेहमीच होते. मोगूबाईंचं कुर्डी असंच हिरवं गाव होतं. 15 जुलै 1904 रोजी त्यांचा जन्म तिथे झाला.

कुर्डी आता गाव म्हणून नाही. साळावली नदीवर धरण बांधायचं ठरलं. दक्षिण गोव्याला पिण्याचं आणि शेतीचं पाणी मिळावं हा हेतू होता. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः गावकऱ्यांना ते समजावून सांगितलं होतं. सुमारे तीन हजार माणसं वाडे आणि वालकिणी या नव्या वसाहतींत हलवली गेली आणि 1986च्या सुमारास गाव पाण्याखाली गेलं. कदंबकालीन महादेवाचं दगडी देऊळ मात्र पुरातत्त्व खात्याने एकेक दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. ते पाहायला जरूर जावं. जवळच धरणाचा गोल, विहिरीसारखा सांडवा आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या कडेवरून चारी बाजूंनी आत कोसळतं आणि पर्यटक ते पाहायला गर्दी करतात.

कुर्डी पाहायचं तर उन्हाळ्याच्या शेवटी जावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरतं आणि गाव वर येतं. मी गेले तेव्हा मे सरत आला होता. भेगाळलेल्या मातीवरून चालताना आधी झाडांची खोडं दिसली. माड, आंबे, फणस यांचे बुंधे जमिनीतून हातभर वर. मग जांभ्या दगडाची जोती, पायऱ्या, विहिरी, तुळशीवृंदावनांचे चौथरे. सोमेश्वराच्या देवळाच्या जागी मे महिन्यात जुने गावकरी जमतात, पूजा करतात. ख्रिस्ती कुटुंबंही आपल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, फेस्ताला येतात. आजोबा नातवंडांना हात धरून दाखवत होते, इथे आपली पडवी, इथे विहीर, इथे अमक्याचं आंब्याचं झाड. माईंच्या घराची जागाही गावकरी दाखवतात. कुळागराची रेघ जमिनीवर अजून ओळखू येते, कारण खोडं एका ओळीत उभी आहेत.

त्या जोत्यांपाशी माईंचं लहानपण कळतं. गोव्यातल्या कलावंत घराण्यांत बाई गात-नाचत असे आणि त्या गाण्यावर घर चाले. पण जमिनीचा, प्रतिष्ठेचा हक्क मात्र तिच्या वाट्याला क्वचितच येई. मुलीच्या गळ्यात गाणं आहे हे आई जयश्रीबाईंनी ओळखलं आणि दहाव्या वर्षाच्या आसपास तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत आणलं. 1914 साली आई गेली. पोरकी मुलगी पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत नाटकांतून गाऊ लागली. आजारपणामुळे ती सांगलीला आली आणि तिथे एका गृहस्थांनी तिचं गाणं ऐकून तिला शिकवायला सुरुवात केली. आपले गुरू म्हणजे साक्षात अल्लादिया खाँ, हे तिला नंतर समजलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या निधनानंतर खाँसाहेब मुंबईला आले, तशी मोगूबाईही मुंबईला आली. मध्ये तालीम तुटली. मग ती इतर उस्तादांकडे, खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकली आणि 1934पासून 1946 साली खाँसाहेबांच्या मृत्यूपर्यंत पुन्हा त्यांच्याचकडे. 1974 साली मोगूबाईंना पद्मभूषण मिळालं, 10 फेब्रुवारी 2001 रोजी त्या गेल्या.

कुर्डी सुटलं, नाटक कंपनी सुटली, सांगली सुटली. माईंबरोबर प्रत्येक ठिकाणाहून निघालं ते फक्त गाणं. मुंबईत भाड्याच्या खोल्यांपासून त्यांनी त्याच गाण्यावर घर उभं केलं, मुलं वाढवली आणि मुलीला गळ्याचा वारसा दिला. म्हणून प्रभादेवीतल्या त्या घराचा मान मोठा आहे. आईने वणवण करून मिळवलेलं स्थैर्य तिथे मुलीला लाभलं, आणि त्या स्थैर्याचा तिने काय उपयोग केला, तर एकेका स्वरापाशी हवं तेवढं थांबायला वेळ घेतला. आईला थांबायला सवड नव्हती. मुलीने थांबण्याचीच कला केली. भूपातला तो सावकाश फुलणारा गंधार ऐकताना मला आता या दोन बायकांचं मिळून एक आयुष्य ऐकू येतं.

कुर्डीला कोणी जाणार असेल तर काही गोष्टी सांगते. मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ बरा. पहिला जोराचा पाऊस पडला की पाणी वेगाने चढतं. सावली मुळीच नाही, म्हणून सकाळी लवकर जावं, पाणी आणि टोपी बरोबर ठेवावी. सांग्यातून स्थानिक माणूस सोबत घ्यावा. मातीखाली ओल असते आणि पाय खचतो. जोत्यांवरचा एकही दगड, कौलाचा तुकडाही उचलू नये, तिथे येणाऱ्या गावकऱ्यांचं ते घर आहे. परतताना महादेवाचं हलवलेलं देऊळ आणि धरण पाहून यावं. एका दिवसात सगळं होतं.

आणि प्रभादेवी? तिथे कधीही जावं. पौषात जत्रेला, नाहीतर एखाद्या संध्याकाळी रवींद्र नाट्य मंदिरातल्या मैफलीला. मुंबईतल्या संगीत शाळांनी मुलांची एक पायी सहल इथे काढावी, असं मला कळकळीने वाटतं. देवीचं देऊळ, नाट्य मंदिर, चौपाटी, आणि मग बसून एक पूर्ण राग. पुतळ्यापेक्षा मुलांना हे जास्त काळ लक्षात राहील. गाणाऱ्या बाईच्या घरात पाहुण्याने शिरायचा हक्काचा दरवाजा एकच असतो, आणि तो ऐकणाऱ्या प्रत्येकासाठी उघडा आहे.